ओढा धरून खाली

आता तिकडे घाटघरला अभयारण्याची पाटी आहे, कड्याच्या तोंडाशी लोखंडी कठडा आहे आणि त्या कठड्याला टेकून लोक भाजलेली कणसं खातात, असं माझी मुलं सांगतात. फोटो दाखवतात. मी फोटो बघते आणि परत देते. "आई, चल ना एकदा," असं दर पावसाळ्यात म्हणतात. मी गुडघ्यांचं कारण पुढे करते. गुडघे माझे ठणठणीत आहेत.

मला भीती वाटते, हे सांगायची लाज नाही. पण तसं म्हटलं की लोक लगेच कठडा किती भक्कम आहे ते सांगायला लागतात. कठड्याने जाईल अशी भीती असती, तर मी कधीच जाऊन आले असते.

आमचं गाव कर्जत तालुक्यात, सीना नदीच्या अंगाला. नजर टाकावी तिथपर्यंत सपाट. पाहुणा लांबून दिसायचा. चालण्यावरून तो कोण ते ओळखायचं, आई चहाचं आधण ठेवायची आणि पाहुणा दारात येईपर्यंत चहा उकळून कडू झालेला असायचा. येणारी गोष्ट आधी दिसते, हा आमच्याकडचा नियम. ढग असो, वावटळ असो, नाहीतर नको असलेला पाहुणा असो. अशा मुलखात वाढलेल्या पोरीला डोंगरात नेलं, तर ती घाबरणार नाही तर काय करणार?

डोंगराकडे आम्ही जायचो ते मावशीमुळे. आईची ही धाकटी बहीण. तिचे यजमान जंगलखात्यात गार्ड होते आणि त्यांची नेमणूक झाली अकोले तालुक्याच्या पार टोकाला, भंडारदऱ्याच्या धरणामागे, घाटघरच्या चौकीवर. त्यांना आम्ही काका म्हणायचो. सत्तर साली आम्ही पहिल्यांदा तिकडे गेलो आणि मग ते दरवर्षीचंच झालं. गौरी-गणपती उरकले की ज्वारीच्या पेरणीआधी हाताशी थोडे मोकळे दिवस असायचे. तेवढ्यात जाऊन यायचं. आई, दादा, मी आणि माझी धाकटी बहीण. दादा म्हणजे आमचे वडील.

आई बहिणीसाठी जायची. दादा जायचे पाण्यासाठी.

त्यांना पाणी बघायचं वेड होतं. धरणाच्या भिंतीवर हात मागे बांधून उभे राहायचे आणि म्हणायचे, "बघ, कसं निवांत पडलंय." जसं काही ते पाणी त्यांच्याच गोठ्यातलं जनावर होतं. वाटेत दिसेल त्या झऱ्याला ओंजळ लावायची आणि चव सांगायची. हे गोडं, हे जरा तुरट, हे जांभळीखालनं आलंय. आई म्हणायची, "मेव्हनीकडं आलाय का पान्याकडं, ते एकदा सांगा. म्हंजी तिला तसं कळवते." दादा हसायचे आणि पुढच्या झऱ्याकडे जायचे.

मी मात्र पहिल्या वर्षी राजूरच्या पुढे यष्टीच्या सीटखाली जाऊन बसले होते. खिडकीतून रस्त्याची कड दिसायची बंद झाली की मला वाटायचं, आता चाकाखाली काहीच नाही. पुढे जंगलखात्याच्या ट्रकमधून धरणाच्या कडेकडेने गेलो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला झाडी आणि मधे आम्ही. चौकीवर पोचलो, तर सगळीकडून पाण्याचा आवाज. कुठून येतोय ते दिसत नाही आणि थांबत तर नाहीच. मी मावशीला विचारलं, "हा आवाज बंद कधी व्हतो?" ती म्हणाली, "दिवाळीला."

दुसऱ्या वर्षी चौकीच्या परसात चिखलामध्ये बिबट्याचा पंजा उमटलेला होता. काकांनी वीत लावून तो मापला. दादा खूश झाले, धाकटी खूश झाली. मी त्यानंतर परसाकडे एकटी गेलेच नाही. आईला दरवेळी दाराशी उभं राहावं लागायचं. ती वैतागून म्हणायची, "आगं, बिबट्याला काय खुळ लागलंय व्हय तुला खायला? तुझ्या अंगावर हाय काय?" घरात माझं नावच भित्री भागूबाई पडलं. मला त्याचा राग यायचा. मी उगाच थोडीच भीत होते! मी बघत होते, आणि मला दिसत होतं की इथे काहीच दिसत नाही.

घाटघरला येणारे लोक कोकणकडा बघायला यायचे. जमीन तिथे एकाएकी संपते आणि खाली पाताळात कोकण, असं काका सांगायचे. आम्ही गेलो की नेमकं धुकं, म्हणून दोन्ही वर्षं कडा बघायचा राहिला. दादांना त्याचं काही वाटलं नाही. "कड्यात बघायचं काय? पानी थोडंच हाय तिथं," असं म्हणून त्यांनी तो विषयच मिटवला.

तिसरं वर्ष बहात्तरचं. त्या वर्षी आमच्याकडे पाऊस पडलाच नाही. गौरी-गणपतीतसुद्धा वावरात धूळ उडत होती, आणि ओढ्यातली वाळू इतकी तापायची की पाय ठेववत नव्हता. पेरणीची घाई नव्हती, कारण पेरणीच नव्हती. दादा त्या वर्षी फारसं बोलत नव्हते. घाटघरला जायचं तेवढं त्यांनी स्वतःहून काढलं. म्हणाले, "डोळं तरी वलं व्हतील."

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. पोर चालायला लागून शेताकडे जायला लागलं की त्याला शिकवतात, वाट चुकली तर ओढा धरायचा. ओढ्याच्या काठानं खालच्या अंगाला चालत राहायचं, गाव लागतंच. ओढा कोरडा असला तरी चालतो. मी सहा-सात वर्षांची असताना वावटळीत चुकले होते. डोळ्यांत माती, समोरचं काही दिसत नव्हतं. पायाला वाळू लागली म्हणून ओढा ओळखला आणि रडत रडत चालत राहिले. पुढे धुण्याचा दगड लागला. त्या दगडावरूनच मी गाव ओळखलं. काळा, मधे खोलगट झालेला, आमच्या आळीतल्या सगळ्या बायांनी आपटून आपटून गुळगुळीत केलेला. मी त्याला मिठी मारून बसले होते. दादांना याचा फार अभिमान. "चार बुकं शिकली न्हाई तरी चालंल, पोरगी घरी येती," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

तर बहात्तर साली घाटघरला काका जंगलात फेरीवर गेले होते. दुपारी ऊन पडलं. तिथल्या मानाने ते नवलच होतं. दादा म्हणाले, पोरींना घेऊन जरा हिंडून येऊ, पाणी निघतं कुठून ते बघू. मावशीने फडक्यात भाकरी बांधून दिली आणि बजावलं, "धुकं आलं तर जाग्यावर बसून ऱ्हावा. हालायचं न्हाई. हितं समदी तसंच करत्यात." दादा "व्हय व्हय" म्हणाले. माणूस "व्हय व्हय" म्हणतो तेव्हा त्याने ऐकलेलं नसतं.

चौकीच्या मागे मोठं पठार होतं. गंमत म्हणजे मला ते आवडलं. सपाट होतं. गवत आणि बारकी पिवळी फुलं. तीन वर्षांत पहिल्यांदा डोंगरात मला घरच्यासारखं वाटलं. दादांनाही वाटलं असणार, कारण ते आमच्या शेतात चालतात तसे लांब टांगा टाकत चालले होते. धाकटी त्यांच्या खांद्यावर, दोन्ही हातांनी त्यांची टोपी धरून. एका खडकाच्या फटीतून पाणी निघून त्याचा ओढा होत होता, तिथे आम्ही भाकरी खाल्ली. दादांनी पाण्याची चव घेतली आणि डोळे मिटून बसले. आईने मला खुणावलं, बोलू नकोस. किती महिन्यांनी त्यांच्या कपाळावरची आठी गेली होती.

तेवढ्यात धुकं आलं. लांबून दिसलं नाही, आलं आलं असं कोणी म्हणालं नाही. आई माझ्याशेजारी होती आणि मग आईचा फक्त हात होता.

मावशीने सांगितलं होतं तसं बसून राहावं, असं आई म्हणाली. दादा म्हणाले, "बसून काय व्हनार? पोरी गारठतील. हा वढा खालीच चाललाय. हितलं समदं पानी धरनाला जातं. वढा धरला की धरान, धरनाच्या काठानं चौकी." इतकं सरळ होतं. आईलाही पटलं. मलासुद्धा पटलं. मीच तर त्याचा जिताजागता पुरावा होते.

आम्ही ओढा धरून चालायला लागलो. पुढे दादा, खांद्यावर धाकटी, मागे आई आणि आईचा पदर धरून मी. पाणी पायाशी खळखळत होतं. मी त्याच्याकडे बघत चालले, कारण दुसरं काही बघण्यासारखं नव्हतं.

त्या ओढ्याला माणसाची खूणच नव्हती. पाण्यावर उतरणारी पायवाट नाही. गुरांच्या खुरांचे खड्डे नाहीत, शेण नाही. गाव जवळ येतं तसा ओढा मळत जातो, हे मला माहीत होतं. चिंधी असते, फुटका माठ असतो, राख असते. हा ओढा जितका पुढे जात होता तितका स्वच्छ होत चालला होता.

मी म्हणाले, "दादा, धुन्याचा दगड न्हाई."

"यील की. गाव आल्यावर यील."

"पन पायवाट बी न्हाई."

"आगं, धुक्यात कुठं दिसती पायवाट?" ते हसले. "चल भागूबाई."

थोडं चाललो आणि पाण्याचा आवाज बदलला. आमच्या बाजूने खळखळत होतं, मागे खळखळत होतं, पण पुढे आवाजच नव्हता. ज्या बाजूला आम्ही चाललो होतो, तिकडे कान लावला तर नुसता वारा. दोन वर्षं मी ज्या आवाजाला भीत होते तो बंद झाला होता आणि दिवाळी तर लांब होती.

मी खाली बसले. आईचा पदर दोन्ही मुठींत धरला आणि ओल्या गवतात फतकल मारून बसले. ठरवून नव्हे, पायच चालेनात. आईला हिसका बसला. ती चिडली. "ऊठ! आता ह्ये काय नाटक?" मी उठले नाही. आई मला ओढत होती, आणि दादा तेवढ्यात बैलगाडीच्या लांबीइतके पुढे गेले होते. धुक्यात त्यांची नुसती सावली दिसत होती, डोक्यावर आणखी एक डोकं असलेली.

मग माझ्या हनुवटीला खालून पाणी लागलं. पाऊस वरून पडतो, हा थेंब खालून आला होता. एक, मग पुष्कळ. नाकात, पापण्यांखाली.

"आगं ए!" दादा ओरडले. "पानी वर येतंय! ह्ये बघ, वढ्याचं पानी उलटं वर येतंय!"

त्यांचा इतका आनंदी आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. सबंध पावसाळा आभाळाकडे बघून काढलेला माणूस तो. त्याच्यासमोर पाणी जमिनीतून आभाळाकडे चाललं होतं. त्यांनी अजून एक पाऊल टाकलं. तेवढ्यात त्यांची टोपी उडाली. बाजूला नाही, मागे नाही, सरळ वर गेली. धाकटी खिदळली आणि टोपी पकडायला दोन्ही हात वर करून पुढे झुकली.

तेव्हाच धुकं फाटलं. जरासंच. दादांच्या पायांपुढे जे दिसलं ते मला आधी कळलंच नाही. खाली, फार खाली, गोधडीच्या ठिगळांसारखी भाताची खाचरं होती. खाचरं आणि दादांचे पाय यांच्या मधे काहीच नव्हतं. ओढा तिथपर्यंत जात होता आणि वारा त्याला उचलून परत आमच्या तोंडावर फेकत होता. मग धुकं पुन्हा मिटलं. दादांनी पाहिलं नव्हतं. ते वर, टोपीकडे बघत होते.

आईने पाहिलं होतं. माझ्या मनगटावर तिची नखं रुतली. मला वाटलं, आता ती किंचाळणार, दादा दचकून वळणार आणि संपलं.

आई बोलली. घरात ताट वाढताना बोलते तसं.

"अवो, बसा की जरा खाली. पोरगी दमलीय हितं. तिला चालवंना."

"हितंच? वल्यात?"

"व्हय, हितंच. हाय तिथंच बसा. पाय लांबवू नगा, मांडी घाला. आन् धाकटीचं पाय धरा, ती लई हालती."

तो आवाज मला आजही तसाच ऐकू येतो. त्यात कसलीच भीती नव्हती. माझं मनगट तिच्या मुठीत होतं म्हणून मला कळत होतं की ती मुळापासून थरथरत होती.

दादा बसले. मांडी घालून, धाकटीचे पाय छातीशी धरून. आणि ते बसले तेव्हा धुकं दुसऱ्यांदा फाटलं आणि त्यांना दिसलं.

ते ओरडले नाहीत. त्यांचा पाठीकडून दिसणारा आकार लहान झाला, एवढंच. आई म्हणाली, "मागं सरका. बसल्या बसल्या." ते सरकले नाहीत. ती पुन्हा म्हणाली. ते तसेच. हात धाकटीच्या पायांवर गच्च, मान ताठ. धाकटी रडायला लागली, "दादा, पाय दुखतोय, सोडा." त्यांना ते ऐकू जात नव्हतं.

मग आई पालथी पडली. लुगडं चिखलात, पोट गवतावर. मला म्हणाली, "माझा पाय धर. काय बी झालं तरी सोडू नगं." आणि सरपटत पुढे गेली. मी तिचा घोटा धरला. ती पुढे गेली तसा घोटा निसटला आणि पाऊल हातात राहिलं. जोडव्याची कड माझ्या तळहातात घुसली. मी दहा वर्षांची पोर, तिला काय थांबवणार होते? पण मी धरलं. आई गेली, दादा गेले, धाकटी गेली, तर माझ्या हातात नुसतं जोडवं राहील, हेच मनात घुमत होतं. मी डोळे मिटले होते. कोणी सोबत आहे याची एकच खूण होती, ते पाऊल.

तिने धाकटीला खांद्यावरून उतरवून अंगाखाली घेतलं. मग दादांच्या सदऱ्याला मागून धरून त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली. काय ते मला कळलं नाही, तिने कधी सांगितलंही नाही. बऱ्याच वेळाने दादा हलले. पाठमोरे, रांगत, मागे मागे.

आम्ही चौघं एकमेकांना धरून बसून राहिलो, मावशीने सांगितलं होतं तसं. संध्याकाळ व्हायच्या आत काकांच्या हाका ऐकू आल्या. त्यांनी आम्हाला ओढ्याच्या उलट अंगाने, पाण्यासमोरून वर नेलं. जाताना ते एवढंच म्हणाले, "हितं पान्याच्या दोन वाटा हायेत, दाजी. आर्धं धरनाला, आर्धं कोकनात. निघतं एकाच जागी." दादा उघड्या डोक्याने चालत होते. आमच्याकडे माणूस उघड्या डोक्याने चालतो ते घरात मयत झाल्यावर. चौकीच्या दारात मावशीने त्यांना तसं पाहिलं आणि तिच्या हातातून तांब्या पडला.

घरी आल्यावर या गोष्टीचा उच्चार झाला नाही. आईला कोणी विचारलं तर म्हणायची, "लई गार हवा हाय तिकडं."

पुढच्या वर्षी आमच्याकडे पाऊस झाला. गौरी-गणपतीच्या सुमाराला तर ओढा दोन्ही थड्या भरून वाहायला लागला. सगळं गाव पाणी बघायला लोटलं. म्हातारी माणसंसुद्धा काठावर उभी राहून पाण्याला हात जोडत होती, पोरं उड्या टाकत होती. घाटघरला जायचं कोणी काढलं नव्हतं. मी दादांबरोबर ओढ्यावर गेले. मला वाटलं, ते पहिली ओंजळ घेतील, चव सांगतील.

ते काठापासून बऱ्याच लांब थांबले. बाभळीच्या बुंध्याला पाठ लावून. पाण्याकडे बघतच नव्हते. पाणी जिकडे चाललं होतं तिकडे, खालच्या अंगाला बघत होते. तिकडे काय होतं? आमचंच गाव होतं. शाळा, मारुतीचं देऊळ, त्यांच्या जन्मापासूनचं सगळं. त्यांनी माझा हात धरला.

"पोरी," ते हळूच म्हणाले, कोणाला ऐकू जाऊ नये असं, "खाली धुन्याचा दगड हाय न्हवं?"

त्याआधी मी बिबट्याला भ्यायले होते, घाटाला भ्यायले होते, त्या कड्यावर तर माझा जीवच गेला होता. पण ओढ्याच्या काठावर, भर उन्हात, सगळं लख्ख दिसत असताना जी भीती वाटली ती तशी नव्हती. कारण आजवर मी घाबरायचे तेव्हा न घाबरलेलं एक माणूस शेजारी असायचं.

"हाय, दादा," मी म्हणाले. "आपलाच दगड हाय."

त्यांनी मान हलवली. पण हात सोडला नाही, आणि आम्ही पाण्याजवळ गेलो नाही.